ऋण चिन्ह

नववीत मी गणितात गचकलो, तेव्हा ‘ह्याच्या डोक्यात गणित शिरायचं नाही’ असं भर वर्गात सांगण्यात आलं. मायनं ते मनाला लावून घेतलं. औंढ्याला नागनाथाच्या देवळापासून जवळच एक निवृत्त गुरुजी राहायचे. तिनं मला त्यांच्या ओसरीवर नेऊन बसवलं. साल 1987. आमची हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती. वेगळा जिल्हा व्हायला 1999 उजाडायचं होतं.

शिकवणी माझी एकट्याचीच. गुरुजींनी पहिल्या दिवशी पुस्तक उघडलंच नाही. ‘कुठं अडायलास?’ एवढंच विचारलं.

‘सगळंच अडतंय.’

‘सगळंच कुणाचं अडत नसतं बाबा. एक जागा असती. ती हुडकू.’

ती जागा सापडायला आठवडा गेला. समरूप त्रिकोणांचं प्रमेय मी घडाघडा म्हणायचो. पण ‘संगत भुजा’ म्हणजे काय, ते ठाऊक नव्हतं. आमच्याकडे संगत असायची ती भजनात, पेटीची आणि मृदंगाची. हे सांगताना मला रडू फुटलं. गुरुजी हसले नाहीत. आपली गोष्ट सांगू लागले.

ते शिकले निजामाच्या राज्यात, उर्दूतून. त्रिकोणाला मुसल्लस, कोनाला जाविया, वर्तुळाला दायरा. 17 सप्टेंबर 1948 ला राज्य गेलं आणि पुढं मराठी शाळेवर मास्तर म्हणून उभं राहायची वेळ आली. घरची बोली मराठी, पण गणित मराठीत कधी केलेलंच नाही. रात्री कंदिलाशी बसून शब्द पाठ करायचे, सकाळी तेच पोरांना शिकवायचे. ‘मला मुसल्लस येत होता, त्रिकोण येत नव्हता,’ ते म्हणाले. ‘तुझं तसंच झालंय. गणित नाही अडलं, शब्द अडलाय.’

मग त्यांनी मला अंगणात नेलं. चार फुटांची काठी उभी धरायला लावली. तिची सावली तीन फूट भरली. लिंबाच्या झाडाची सावली मोजली, ती अठरा फूट. ‘आता झाडावर न चढता उंची सांग.’ मी बोटानं मातीत आकडे मांडले. चोवीस फूट! काठीची जोडी झाडाशी, सावलीची जोडी सावलीशी. संगत म्हणजे एवढंच. त्या वर्षात त्यांनी मला उत्तर असं एकदाही सांगितलं नाही. चुकलो की म्हणायचे, ‘मागं जा. कोणत्या पायरीवर पाय घसरला ते बघ.’

वजाच्या चिन्हानंही मला फार छळलं. शून्यापेक्षा कमी असं काही असतंच कसं? गुरुजी म्हणाले, ‘ब्रह्मगुप्तानं 628 साली त्याला ऋण म्हटलंय. ऋण म्हणजे देणं. सोसायटीचं देणं फिटल्यावर हातात काय राहतं? शून्य. फिटायच्या आधी काय होतं? शेतकऱ्याच्या पोराला हे मी सांगायचं का?’ बापाच्या खातेपुस्तकातला तांबड्या शाईचा आकडा डोळ्यांपुढं आला, आणि त्यानंतर ते चिन्ह मला कधी परकं वाटलं नाही.

दहावीला गणितात दीडशेपैकी एक्याण्णव पडले. पेढे वाटण्याजोगे नव्हेत; पण मायनं वाटले.

परवा शेजारची मुलगी वही घेऊन आली. सेमी इंग्रजीला आहे. ‘करस्पाँडिंग साइड्स’पाशी रडकुंडीला आलेली. गणिताची भाषा आमच्या भागात पुन्हा एकदा बदललीय, आणि पोरं पुन्हा त्याच उंबऱ्याला ठेचकाळतायत. मी तिचं पुस्तक मिटलं आणि विचारलं, ‘कुठं अडायलीस?’ मग आम्ही काठी घेऊन उन्हात गेलो.

निकालानंतर माय गुरुजींकडं पायलीभर तुरीची डाळ घेऊन गेली होती. ती त्यांनी ठेवून घेतली. पैशाला मात्र हात लावला नाही. मी फारच आग्रह धरला, तेव्हा म्हणाले, ‘तुझ्या वहीत मांडून ठेव. आकडा नको लिहूस, नुसतं चिन्ह दे.’

वहीच्या शेवटच्या पानावर ती आडवी रेघ अजून आहे. तिच्यापुढं कोणता आकडा लिहावा, ते मला इतकं गणित येऊनही ठरवता आलेलं नाही.