बालाघाटच्या माळावरून : जर्बिलची वस्ती

सोमवार, नायगाव
पाटोदा तालुक्यातलं हे मयूर अभयारण्य 1994 सालचं. मोर पाहून मंडळी परतली, आम्ही गुराखी काकांबरोबर माळावर थांबलो. कुसळी गवताच्या बुडाशी बिळांची तोंडं दिसली. काही उघडी, काही आतून सैल मातीनं बुजवलेली. धामण आत शिरली की जर्बिल उंदीर अशीच बुजवलेली वाट फोडून पळतो. अंधार पडल्यावर बॅटरीच्या झोतात एक दिसला. टपोरे डोळे, अंगाहून लांब शेपूट, टोकाला काळा झुपका. लांब उडी मारून गवतात नाहीसाही झाला.

"काका, हा घरात येतो का हो?"

"न्हाई. त्येचं घर माळच."

मंगळवार, आष्टीकडे
बी, मुळं, कोवळं गवत, किडे, सगळं जर्बिलला चालतं. त्याच्यावर घुबड, खोकड, कोल्हा आणि साप जगतात. बिळांमुळे माती भुसभुशीत राहते. पण सरकारी दप्तरी माळ म्हणजे पडीक जमीन. ती नांगरून तूर-कापूस केला, नाहीतर झाडांसाठी खड्डे पाडले, की जर्बिल बांधावर सरकतो आणि पिकाचा शत्रू ठरतो. मग झिंक फॉस्फाईड लावलेले दाणे टाकतात. ते दाणे तितर आणि मोरही टिपतात.

बुधवार, मामला
बीडजवळच्या या गावाचं नाव 1994 च्या ऑगस्टमध्ये प्लेगमुळे देशभर झालं. त्याआधी 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीचा भूकंप झाला होता. पडझड झालेल्या घरांतल्या धान्यावर उंदीर वाढले, असा तेव्हा अंदाज मांडला गेला. रानातले जर्बिल प्लेगचा जंतू बाळगूनही बरेचसे तगतात. त्यांच्या पिसवा घरउंदरांवर गेल्या की घरउंदीर पटापट मरतात आणि भुकेल्या पिसवा माणसाला चावतात. म्हणून रानउंदीर आणि घरउंदीर यांच्यातलं अंतर महत्त्वाचं. माळ मोडला की ते कमी होतं.

जर्बिल दुर्मीळ नाही. धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत त्याच्यापुढे 'कमी धोका' असाच शेरा आहे. त्याला वेगळं अभयारण्य नको, माळ शाबूत हवा. तेव्हा गावाचं गायरान नांगरायचा विषय ग्रामसभेत आला तर विरोध करा. धान्य बंद कणगीत ठेवा. आणि घरात उंदीर आपोआप मरू लागले, तर त्यांना हात न लावता आधी आरोग्य केंद्राला कळवा.