गाडी तीच, डिझेल तेच, मग मायलेज जातं कुठे?

मंडळी, माझी गाडी डिझेल ऑटोमॅटिक. मानपाडा ते माजिवडा रोजचं जाणं-येणं, मायलेज लिटरला ११. मागच्या रविवारी पहाटे त्याच गाडीने नाशिकला गेलो, तर १८! मला वाटलं, गाडीतच काहीतरी लोचा आहे. मेकॅनिकने सगळं तपासलं आणि हसत म्हणाला, "दादा, गाडी ठणठणीत आहे. रस्ता दाखवा कुणाला तरी."

गंमत सोडा, पण पोरगा बरोबर बोलला. डिझेल इंजिन साधारण १५०० ते २००० आरपीएमला, अंगावर बऱ्यापैकी लोड असताना, कमी डिझेलमध्ये जास्त काम करतं. त्याला तिथे टिकवून धरणं हे गिअरबॉक्सचं काम. म्हणून हल्ली दोघांचे कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात आणि गिअर कधी बदलायचा ते मिळून ठरवतात. इंजिनवाली कमिन्स आणि गिअरबॉक्सवाली ईटन यांनी २०१७ मध्ये ऑटोमेटेड गिअरबॉक्ससाठी भागीदारीत कंपनी काढली, ती उगाच नाही.

पण हे सगळं गाडी पळाली तर! माझ्या गाडीत टॉर्क कन्व्हर्टर आहे, म्हणजे इंजिनची ताकद तेलामधून पुढे जाते. वेग आला की तो लॉक होतो आणि नुकसान थांबतं. घोडबंदर रोडला दहाच्या स्पीडने रांगताना लॉक व्हायची वेळच येत नाही. आपण डिझेल जाळून नुसतं तेल तापवतो. आणि जागेवर उभी गाडी? मायलेज शून्य.

कंपनी सांगते ते मायलेज लॅबमधल्या ठरलेल्या सायकलवर मोजलेलं असतं. त्या सायकलमध्ये मानपाड्याचा सिग्नल नाही. आपल्या डोंबिवलीच्या मानपाड्यातला, कल्याण-शीळ रोडचा तर नाहीच नाही.

आता मुद्द्याचं. माझं डिझेल माझ्या खिशातून जातं. पण कचऱ्याचा कॉम्पॅक्टर दर पन्नास पावलांवर थांबतो, डिझेल बस दर स्टॉपला. ते डिझेल तुमच्या-माझ्या टॅक्समधून येतं. म्हणून दोन्ही पालिकांकडे एकच मागणी: गाड्या घेताना नुसती हॉर्सपॉवर आणि किंमत बघू नका. भरलेली गाडी आपल्याच रूटवर, गर्दीच्या वेळी चालवून लिटरला किती जाते ते मोजा. स्टॉपला थांबल्यावर आपोआप न्यूट्रल होणारे गिअरबॉक्स बाजारात आहेत, ते मागा. आणि सिग्नलचं टायमिंग एकमेकांशी जुळवा. इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र काम करायला शिकले, मग रस्ता आणि सिग्नल का नाही?

तुमच्या गाडीचं गर्दीतलं आणि हायवेवरचं मायलेज कमेंटमध्ये टाका. आकडे जमले की नगरसेवकांसमोर ठेवू.