दुसरी कुस्ती

१९७८ च्या फेब्रुवारीत लास व्हेगासला मुहम्मद अली हरला, तेव्हा आमच्या मोहल्ल्यात दोन दिवस कुणी कुणाशी नीट बोललं नाही. हरला तोही उण्यापुऱ्या सात व्यावसायिक लढती खेळलेल्या पोराकडून! लिऑन स्पिंक्स हे नाव आम्हांला धड उच्चारताही येत नव्हतं. पेपरात फोटो आला, त्यात त्याचे पुढचे दात नव्हते. त्या बोळक्या हसण्याचा आम्हांला फार राग आला होता.

आम्ही म्हणजे इचलकरंजीतल्या मागांच्या खडखडाटात वाढलेली चार-पाच पोरं. दिवसा कांड्या भरायच्या, इशाची नमाज झाली की तालमीच्या पायरीवर बसायचं. तिथंच त्या वर्षभरात एकच विषय होता. १५ सप्टेंबरला न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये दोघांची पुन्हा गाठ पडणार होती. कोण जिंकणार?

शर्त लावणं हराम, हे मौलवीसाहेबांनी आधीच बजावलं होतं. तोंडावर मारण्याचा हा खेळच त्यांना पसंत नव्हता. तरी येता-जाता "कधी आहे रे ती?" असं विचारायचे तेच.

आमचा हिशेब सोपा होता. १९७१ मध्ये फ्रेझिअरनं अलीला हरवलं, १९७४ मध्ये अलीनं त्याला परत हरवलं. १९७३ च्या मार्चमध्ये नॉर्टननं त्याचा जबडा मोडला, सप्टेंबरात अलीनं तीही फेड केली. म्हणजे एकदा हरवणाऱ्याला अली दुसऱ्यांदा सोडत नाही. वस्तादांना हे सांगितलं तर ते हसले.

"दोन गडी पडलं म्हणून तिसरा पडतुया व्हय? वय मोजा की. ह्यो छत्तीस, ते पोरगं पंचवीस."

वस्तादांनी मुष्टियुद्ध जन्मात पाहिलं नव्हतं. आम्ही पेपर वाचून दाखवायचो आणि ते डोळे मिटून ऐकायचे. पण लाल मातीत चाळीस वर्षं घालवलेला माणूस. पहिल्या लढतीत अली दोरांना टेकून मार खात राहिला, पोरगं दमेल म्हणून वाट बघत बसला, हे ऐकल्यावर त्यांनी डोळे उघडले. झैरेत फोरमनला त्यानं असंच दमवलं होतं, आम्ही म्हणालो. "फोरमन दमला, ह्यो दमला न्हाई. पंधरा फेऱ्या मारतच ऱ्हायला. चूक तिथं झाली. ती ध्यानात आली असंल तर ह्या खेपेला अली टेकणार न्हाई, लांबनं खेळंल, जवळ आला की मान धरंल." मग स्पिंक्सबद्दल विचारलं, ते पोरगं मेहनत करतंय का? त्याच्या सरावापेक्षा पार्ट्यांच्याच बातम्या जास्त होत्या. "मग झालं. जिकंल अली. पर हितंच थांबाय पायजे."

शेवटचं वाक्य आम्ही ऐकलं आणि सोडून दिलं.

रमजान ईद होऊन दहा-बारा दिवस झाले होते, गावात गणपती होते. निकाल रेडिओवर आला. त्रेसष्ट हजारांवर लोकांसमोर अली पूर्ण पंधरा फेऱ्या खेळला आणि तिन्ही पंचांनी त्यालाच कौल दिला. नंतरच्या वर्णनात वाचलं, तो दोरांपासून लांब राहिला, डावा हात सतत पुढं, स्पिंक्स अंगावर आला की त्याच्या मानेला मिठी. स्पिंक्सच्या कोपऱ्यात एवढी माणसं ओरडत होती की त्याचा एक प्रशिक्षक लढत चालू असतानाच निघून गेला. वस्तादांचं भाकीत अक्षरश: खरं ठरलं होतं. तिसऱ्यांदा जगज्जेता! आम्ही मोहल्लाभर बत्तासे वाटले.

आणि मग आम्ही चाचांच्या मागे लागलो.

चाचाही छत्तिशीतलेच. त्याच वर्षी उरुसाच्या मैदानात शेजारच्या गावच्या एका तरण्या पैलवानानं त्यांना चीत केलं होतं. त्यानंतर त्यांनी लंगोट खुंटीला टांगला होता. "अलीनं केलं, तुम्ही का नाही?" रोज हेच. ते म्हणायचे, "अरे, मैं क्या अली हूं?" पण एके दिवशी फजरनंतर आम्हांला आखाड्यातून जोरांचा आवाज आला. वस्ताद त्यांच्याशी महिनाभर बोलले नाहीत.

पुढच्या उरुसाला कुस्ती झाली. दहा-बारा मिनिटं खडाखडी चालली. आम्ही घसा फुटेस्तोवर ओरडत होतो. मग त्या पोरानं पट काढला आणि चाचा उजव्या खांद्यावर पडले. खांदा जागेवर बसवला, पण तो हात पुन्हा डोक्याच्या वर गेला नाही. मागावर तुटलेलं सूत जोडायला त्यांना बाजूच्या कामगाराला हाक मारावी लागायची. पगार कमी झाला. चाची आम्हांला काही बोलल्या नाहीत. ईदला शीरखुर्म्याची वाटी पूर्वीसारखीच काठोकाठ भरून दिली, आणि ती संपवणं आम्हांला जड गेलं.

अली थांबला नाही. निवृत्ती जाहीर करून परत आला. १९८० च्या ऑक्टोबरात लॅरी होम्सनं त्याला दहा फेऱ्या असं मारलं की त्याच्याच माणसांनी लढत थांबवली. पुढच्या वर्षी बर्बिककडूनही हरला. १९८४ मध्ये पार्किन्सनचं निदान झालं. होम्सची बातमी लागली तेव्हा चाचांनी डाव्या हातानं रेडिओ बंद केला आणि अस्रच्या नमाजेला निघून गेले.

२०१६ च्या जूनमध्ये लुइव्हिलला अलीचा जनाजा निघाला. आम्ही सगळे चाचांच्या घरी टीव्हीपुढं जमलो होतो, आता आमच्याही दाढ्या पिकलेल्या. चाचांनी एकच विचारलं, "आणि त्या पोराचं काय झालं रे? बिनदाताच्या?"

तोही आजारी आहे, त्यालाही डोक्यावरच्या माराचंच दुखणं, असं आम्ही सांगितलं.

"बरं दिसायचं हसताना," चाचा म्हणाले, आणि डाव्या हातानं चहाचा कप उचलला.