एक 'खट्'

माणसाला निर्जीव वस्तूंच्या तक्रारी ऐकू येऊ लागल्या, म्हणजे तारुण्याने त्याचा निरोप घेतला असे खुशाल समजावे. पंचविशीत आमची सायकल किती कुरकुरत असे याचा आम्हाला पत्ताही नव्हता. आज पन्नाशी उलटल्यावर मात्र आमच्या मोटारीच्या मागच्या अंगातून निघणारा एक साधा 'खट्' आमची झोप उडवितो.

मोटार जुन्या घडणीची आहे. इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांना, आणि या दोहोंना जोडणारा लांब दांडा तिच्या पोटाखालून गेलेला. मागचा आस दोन्ही बाजूंच्या पाट्यांवर बसविलेला. वडूजला आमची आक्का राहते. दर महिन्याला तिला तपासणीसाठी पुसेगाव, वर्धनगडचा घाट, कोरेगाव या रस्त्याने साताऱ्याला न्यावयाचे, हे आमचे काम. वाटेत खड्डा आला की मागून 'खट्' होई.

"अरे, खड्डा नसला तरी वाजतं. तू गिअर बदललास की वाजतं," आक्का मागच्या आसनावरून म्हणे. आम्ही हसत असू. तीस वर्षे पदार्थविज्ञान शिकविणाऱ्याने चौथीपर्यंत शिकलेल्या बहिणीचे निदान मानावयाचे कसे? खड्डा आणि आवाज यांचे साहचर्य उघड होते; तेव्हा दोष कमानींतच असला पाहिजे. रॉबर्ट हूकने १६७८ साली प्रसिद्ध केलेला स्प्रिंगचा नियम तर आम्हाला तोंडपाठ! शहरातल्या कारखान्यात जाऊन आम्ही पाट्यांचे बुश आणि दोन्ही शॉकॲब्सॉर्बर बदलावयास सांगितले. त्यांनी बिचाऱ्यांनी सांगितले तेवढे चोख केले. आवाज होता तसाच राहिला. मग एके दिवशी आक्का म्हणाली, "पुढच्या खेपेला मी एस. टी.नंच जाईन. जिवाला धास्ती वाटते बाबा." हे शब्द मात्र आम्हाला लागले.

त्याच दिवशी आम्ही वडूजमधल्या एका मिस्त्रीकडे मोटार नेली.

"आवाज मागून येतो, उजवीकडून," आम्ही म्हणालो.

"कुठनं नव्हं सर, कवा येतो ते सांगा. लोखंडातनं आवाज कुठंबी जातोय."

आम्ही घुटमळलो. उत्तर दिले ते आक्काने.

मिस्त्री आमच्या शेजारी येऊन बसला. उताराच्या एका खडबडीत रस्त्यावर त्याने गिअर काढून मोटार नुसती घरंगळू द्यावयास सांगितली. खड्डे लागले, पण आवाज झाला नाही. नंतर सपाट रस्त्यावर ॲक्सिलरेटर दाबावयास व सोडावयास सांगितले. दर वेळी 'खट्'! आता आमच्या ध्यानात आले की खड्डा दिसताच आम्ही पाय उचलत होतो आणि तो ओलांडताच पुन्हा दाबत होतो. आवाज खड्ड्याचा नव्हताच. तो आमच्या पायाचा होता.

परत आल्यावर चाकांना दगड लावून मिस्त्री मोटारीखाली शिरला. दांड्याच्या मागच्या सांध्याच्या दोन्ही बाजू हातांत धरून त्याने उलटसुलट पिळून दाखविल्या. त्या सांध्यात दोन चिमट्यांच्या मध्ये एक क्रॉस असतो, आणि त्याची चारही टोके बारीक सुयांसारख्या रोलरांवर फिरतात. ग्रीस आटले होते. वाटीभोवती गंजाची तांबूस भुकटी जमली होती. झिजेने पडलेल्या फटीमुळे ओढ सुटताना आणि पुन्हा बसताना लोखंड लोखंडावर आपटत होते. "घाटात ह्यो तुटला असता, तर दांडा रस्त्यावर लोंबला असता," मिस्त्री शांतपणे म्हणाला. आम्ही आक्काकडे पाहू शकलो नाही.

या सांध्याला इंग्रजी पुस्तकांत हूकचा सांधा म्हणतात. हूक तोच! त्याचा नियम आम्ही तीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो. त्याच गृहस्थाच्या नावाचा सांधा आमच्या पायाखाली ठोके देत होता, आणि आम्ही मात्र नियमालाच चिकटून राहिलो. सोबत घडणाऱ्या दोन गोष्टींतील एक दुसरीचे कारण असेलच असे नाही, हे आम्ही वर्गात किती वेळा बजावले असेल! वर्गाबाहेर मात्र दुसऱ्याचे निरीक्षण ऐकण्यापूर्वी आम्ही त्याचे शिक्षण विचारले.

पुढच्या महिन्यात आक्का पुन्हा मोटारीत बसली. वर्धनगडच्या घाटात आम्ही मुद्दाम दोनदा गिअर बदलला आणि कान टवकारले. मागून आवाज आला, पण तो एवढाच: "आता कशाला उगीच गिअर बदलतोस? नीट समोर बघून चालव."