पापलेटच्या गावातले जेवण

दिल्लीच्या बाजारात पापलेट बर्फात निजलेले भेटते. त्याचे एक नामांकित माहेर म्हणजे महाराष्ट्राच्या उत्तर किनाऱ्यावरील, पालघरजवळचे सातपाटी. तेथील एका कोळी कुटुंबात जेवावयास बसलो, तेव्हा ताटात पापलेटच पडणार अशी माझी खात्री होती. पडले ते वांगे घातलेले सुक्या बोंबलाचे कालवण आणि तांदळाची भाकरी! पापलेट बाजाराचे, बोंबील घरचा, असे मावशींनी हसत सांगितले.

अंगणात बांबूंच्या वलांडीवर बोंबील वाळत होते. दोघांचे जबडे एकमेकांत अडकवून ते टांगतात. गाठ मारावी लागत नाही. जून-जुलैत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, तेव्हा घर याच साठ्यावर तरते. शाळेतून आलेली मुले मात्र पावसाळ्याची वाट पाहत नाहीत. भाजलेला बोंबील घेऊन ती पसार होतात.

२०२३ साली पापलेटाला राज्यमाशाचा मान मिळाला. परंतु बारीक आसाच्या जाळ्यांत, अंडी घालण्याच्या वयाला पोहोचण्यापूर्वीच त्याची पिले सापडतात. मग पुढल्या हंगामी बाजारात न्यावे काय? घरधनी ओटीवर मोठ्या आसाचे जाळे विणीत होते. खरकटे आवरून मावशीही दोरा घेऊन शेजारी बसल्या.