एका दिवसाच्या तीन ओळी

‘सोनार, शिंपी, कुळकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा’ ही म्हण मी पहिल्यांदा ऐकली ती माझ्याच दुकानात. म्हणणाऱ्या काकू माझ्याच स्टुलावर बसल्या होत्या आणि त्यांचा ब्लाउज मी तिसऱ्यांदा ‘उद्या नक्की’ म्हणून पुढे ढकलला होता. त्या हसत म्हणाल्या, मीही हसले. त्या गेल्यावर मशीनवर बसले तेव्हा मात्र हसू आलं नाही. सोनाराचं आणि कुळकर्ण्याचं मला ठाऊक नाही, पण माझ्यापुरती म्हण खरी होती. कापडचोरीचा तर प्रश्नच नाही. ऐंशी सेंटिमीटरच्या ब्लाउजपीसातून, तोही बेचाळीस छातीचा असेल तर, चोरणार काय? आमची चोरी वायद्यातली.

डोंबिवली पूर्वेला आठ बाय दहाचा गाळा आहे माझा. दोन मशिनी, एक इंटरलॉक, कटिंगचं टेबल आणि भिंतीवर खिळ्यांना लटकवलेले फर्मे. २६ वर्षं मी ब्लाउज शिवते. ड्रेस घेत नाही, फॉल-पिको बाहेर देते. इथलं गिऱ्हाईक सकाळच्या लोकलने मुंबईला जातं आणि रात्री आठला परततं. म्हणजे माप रात्री, ट्रायल रात्री आणि तक्रारही रात्री. मग शिवायचं कधी? पहिली पंधरा वर्षं मी त्याचं उत्तर ‘ते गेल्यावर’ असं देत होते.

आमच्या धंद्याचं पंचांग वेगळं असतं. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई दारात उभी. पौषात सगळं थंड, फक्त संक्रांतीची काळी कापडं येतात. माघ-फाल्गुनात पुन्हा जोर, आणि मग पाडवा. डोंबिवलीत पाडव्याचं काही वेगळं सांगायला नको. १९९९ साली इथल्या गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने नववर्ष स्वागतयात्रा सुरू झाली आणि पुढे गावोगाव पसरली. अभिमानाचीच गोष्ट आहे. पण एकेका सोसायटीच्या वीस-वीस बायका एकाच रंगाची नऊवारी नेसून ढोल-ताशामागून चालतात, तेव्हा लोक रांगोळ्या बघतात आणि मी बाह्या बघते. कुणाची ओढली गेलीय, कुणाचा गळा मागे सरकलाय. त्यातल्या कितीतरी बाह्या आदल्या रात्री दोनला लावलेल्या असायच्या. मला ते लांबून ओळखू यायचं, कारण लावणारी मीच.

ज्या बाईंकडे मी शिवण शिकले त्यांनी पहिल्याच दिवशी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. काळं कापड दिव्याखाली शिवायचं नाही, आणि रात्रीच्या जेवणानंतर कात्री हातात घ्यायची नाही. मला वाटायचं, जुन्या बायकांची शास्त्रं. नखं कापू नका म्हणतात, तसंच हे.

२०१५ च्या मे महिन्यातली गोष्ट. रात्रीचे साडेबारा वाजलेले, टेबलावर पैठणीचा पीस. काठ बाहीला घ्यायचा होता. ज्यांना शिवण येत नाही त्यांच्यासाठी सांगते : बाहीला पुढची-मागची बाजू असते. पुढचा मुंढा, म्हणजे काखेकडचा गोलावा, जास्त खोल कापावा लागतो, म्हणून दोन बाह्या आरशात बघितल्यासारख्या एकमेकींच्या उलट असाव्या लागतात. कापडाची घडी घालून कापलं की अशी जोडी आपोआप निघते. पण या पिसात काठ जेमतेम होता. तो पुरवायला मी एकेक बाही सुटी कापली आणि दुसऱ्या वेळी फर्मा उलटायला विसरले. दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या. काठ संपलेला.

हातमागावरची अस्सल पैठणी असती तरी निभावलं असतं. तिचा काठ दोन्ही अंगांनी सारखाच दिसतो. बाही उलटी करून लावली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. ही यंत्रमागावरची होती. मागच्या अंगाला सगळे धागे लोंबत होते. मी त्या दोन बाह्या कितीतरी वेळ टेबलावर उलट्यासुलट्या करून बघितल्या, जणू अजून एखादी बाजू निघेल.

लग्न परवावर होतं. सकाळी फोन केला, म्हटलं, “ताई, माझ्या हातून चूक झालीय.” त्या ओरडल्या नाहीत. “आता काय करायचं ते तुम्हीच सांगा,” एवढंच म्हणाल्या. दादरला जाऊन जुळत्या रंगाचं सिल्क आणलं, कापलेल्या बाह्यांचा काठ तेवढा सोडवून त्याची पट्टी केली आणि नव्या बाहीच्या टोकाला लावली. शिलाई घेतली नाही. पुढे गंमत अशी झाली की लग्नात त्याच बाहीचं कौतुक झालं आणि महिन्याभरात तिघी जणी ‘तशी पट्टीची बाही’ मागायला आल्या. त्या कौतुकाचा मला अजून राग येतो. तिघींचेही ब्लाउज मी शिवून दिले, आणि हो, डिझाइनचे जास्त पैसे लावून.

त्याच आठवड्यात मान धरली. डाव्या हाताच्या दोन बोटांना मुंग्या येऊ लागल्या. डॉक्टरांनी तपासलं आणि विचारलं, “दिवसाचे किती तास वाकून काम करता?” मला सांगता येईना. एका ब्लाउजला कापड किती, अस्तर किती, हुक किती हे झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं. तास किती, हे मी कधी मोजलंच नव्हतं. मापं घेऊन पोट भरणारी बाई मी, आणि स्वतःच्या दिवसाचं माप माझ्याकडे नव्हतं.

मग महिनाभर मोबाइलवर वेळ लावून वहीत टिपत गेले. साध्या अस्तराच्या ब्लाउजला अस्तर जोडून कापायला ३० मिनिटं. मशीनवर ८०. हेम आणि इस्त्री २०. ट्रायल आणि तिथली दुरुस्ती २०. उरलेली २० मिनिटं बोलण्याची : गळा किती खोल, मागे नाडी की हुक, मैत्रिणीच्या ब्लाउजचा फोटो, मुलीच्या सासूचा स्वभाव. ही वीस मिनिटं कुणाच्याही दरपत्रकात नसतात. बेरीज १७० मिनिटं. हुक-काजं मी बाहेर देते, ती वेगळी.

सीझनमध्ये मी दिवसाला सात ब्लाउजांचे वायदे करत होते. सात म्हणजे जवळजवळ वीस तास. उरलेल्या चार तासांत अंघोळ, स्वयंपाक, मुलाचा अभ्यास आणि झोप. म्हणजे मी आळशी नव्हते, आणि गिऱ्हाईक म्हणायचं तशी खोटारडीही नव्हते. मला गुणाकार येत नव्हता.

पैशांचा हिशेब त्याहून बोचला. तेव्हा शिलाई २५० रुपये. अस्तराचे ४५, दोरा-हुक-कॅनव्हासचे १५, गाळ्याचं भाडं आणि वीज मिळून वाट्याला ४०, हुक-काजांचे २०. हातात उरले १३०, तेही १७० मिनिटांचे. ताशी ४६ रुपये. माझ्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताईंना मी तासाला ८०च्या हिशेबाने देत होते. रात्री दोनपर्यंत जागायचं, मान मोडून घ्यायची आणि पोळ्यांच्या ताईंच्या जवळपास निम्मं कमवायचं, आणि वर पाटी ‘लेडीज टेलर, प्रो.’ अशी!

दर ३५० केला. सगळी वजावट करून ताशी ८१ रुपये पडले. म्हणजे मालकीणबाई पोळ्यांच्या ताईंच्या बरोबरीला आल्या.

खरा बदल मात्र वहीत झाला. लांब वही घेतली, एका दिवसाला एक पान आणि पानावर तीनच ओळी आखल्या. तीन ब्लाउज म्हणजे साडेआठ तास. ओळी भरल्या की तो दिवस संपला. पुढचं कापड पुढच्या रिकाम्या ओळीत. सोमवारचं पान आडवी रेघ मारून बंद. कटिंग फक्त सकाळी, खिडकीच्या उजेडात. रुबियाचं अस्तर आदल्या दिवशी भिजवून वाळवलेलं हवं, नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं आणि ब्लाउजला चुण्या पडतात. घाईच्या दिवसांत आम्ही सगळ्यात आधी हीच पायरी गाळतो. संध्याकाळी साडेसातला मशीनवर कव्हर. आठनंतर फक्त माप आणि ट्रायल, तेही नऊपर्यंत.

कुणी फारच गळ घातली तर मी वही त्यांच्याकडे फिरवते. म्हणते, “यातलं कुणाचं नाव खोडू, तुम्हीच सांगा.” दुसऱ्याचं नाव खोडायला सांगणं कुणाच्याही जिवावर येतं. अपवाद एकच. एका बाईंनी पटकन बोट ठेवलं, “हिचं खोडा, ती माझी जाऊ आहे.”

हे लिहायला सोपं वाटतंय. पहिल्या दिवाळीला तिसरा हिस्सा गिऱ्हाईक गेलं. साडेसातला कव्हर घालून बसायचे तेव्हा दोन गाळे सोडून पलीकडची मशीन चाललेली ऐकू यायची. तो आवाज मी पंधरा वर्षं स्वतः काढला होता, पण बाहेरून कधी ऐकला नव्हता. दुसऱ्याची मशीन चालू असताना आपली बंद ठेवणं यासारखी अवघड शिलाई नाही. आलेलं गिऱ्हाईक परत पाठवू नये, लक्ष्मी रुसते, हे घरात लहानपणापासून ऐकलेलं. कितीदा तरी कव्हर काढून परत घातलं. गेलेल्यांपैकी काही परत आल्या, काही नाही आल्या. न आलेल्यांत माझी एक मावससासूही आहे. लग्नकार्यात भेटते तेव्हा ती माझ्याकडे बघत नाही, अंगातल्या ब्लाउजची शिलाई मात्र मला बघू देते.

बचत गटाच्या शिबिरात एकदा पाहुणे आले होते. ‘मोठी स्वप्नं बघा’ म्हणाले. स्वप्नं बघायला आधी झोप लागावी लागते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. अशा शिबिरांत लिज्जत पापडाची गोष्ट हटकून निघते : १९५९ साल, गिरगाव, सात बायका आणि ८० रुपयांची उसनवार. ऐकणाऱ्यांचे डोळे त्या ऐंशीचे पुढे किती झाले यावर खिळतात. मला त्यातलं दुसरंच काही आवडतं. पीठ घरी न्यायचं, जमेल तेवढं लाटायचं आणि लाटल्याचे पैसे रोजच्या रोज घ्यायचे. आपला हात किती चालतो हे बाईला माहीत, आणि केल्याचे पैसे हातात.

माझ्याकडे हे दुसरं अजिबात नव्हतं. कपाटात शिवून तयार, पण न नेलेले सतरा ब्लाउज पडले होते. त्यातला एक तीन वर्षांपूर्वीचा. नेणारीचं माप एव्हाना नक्कीच बदललं असणार. आता निम्मी शिलाई माप घेतानाच घेते. पहिल्यांदा मागताना जीभ अडखळली होती. गिऱ्हाइकाने काही न बोलता पैसे काढून दिले. अडखळायचं कारण माझ्याच मनात होतं.

हुक-काजं करणाऱ्या ताई पूर्वी नगावर होत्या. सीझनमध्ये मी रात्री अकराला त्यांच्या दारात गठ्ठा टाकायची आणि सकाळी आठला मागायची. माझ्या वायद्याच्या चोरीत निम्मी झोप त्यांची गेली, हे मला वही घातल्यावर उमगलं. आता त्यांना महिन्याला ठरावीक रक्कम आहे, आषाढातही. ती कुठून आणते? वहीतली एक ओळ पुरी झाली की ३० रुपये डब्यात. दिवसाचे ९०, महिन्याचे सव्वादोन हजार, बँकेच्या आवर्त ठेवीत. पौष आणि आषाढ त्यावर निघतात. पूर्वी आषाढात काम नसलं की मी मिळेल ते घ्यायची : पडदे, उशांचे अभ्रे, चेन बदलायच्या बॅगा. आता त्या दिवसांत फर्मे नवीन कापते, मशीनला तेल घालते, सुया निवडते. सिल्कला अकरा नंबर, जाडसर काठाला सोळा. बोथट सुई सिल्कमधून धागा ओढते आणि नाव मात्र कापडाचं खराब होतं.

मान अजून दुखते. पंधरा वर्षांचं वाकणं तीन ओळींनी सरळ होत नाही. आणि गेल्या पाडव्याला शेजारच्या मुलीसाठी मी चौथी ओळ घातलीच, पेन्सिलने. तिच्या बाहीत एक चुणी राहिली. तिला दिसली नाही, मला यात्रेत समोरच्या फुटपाथवरून दिसली.

यंदाच्या पाडव्याच्या आधीची शेवटची ओळ काल रात्री पावणेनऊला भरली. तुमचं कापड असेल तर पाडव्यानंतर आणा, सोमवार सोडून. अस्तर घरीच भिजवून, वाळवून आणलंत तर एक दिवस आधी देईन.