अधोरेखितांचा ढीग

किंडलवर एखादं वाक्य हायलाइट केलं की ते मुकाट्याने 'माय क्लिपिंग्ज' नावाच्या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये जाऊन बसतं. पुस्तकाचं नाव, तारीख-वेळ, वाक्य, आणि खाली बरोबरच्या दहा खुणा. ही फाइल फक्त वाढत जाते. हायलाइट जरा पुढे ओढलं तर जुनी नोंदही राहते आणि नवीही येते. म्हणजे आपलं 'इथे थांबू की पुढे' हेसुद्धा सेव्ह! हे एखाद्या प्रोग्रॅमरनेच केलंय हे सांगायला नको.

तर परवा ही फाइल चाळत बसलो होतो. अर्धं प्रोग्रॅमिंग, अर्धं तत्त्वज्ञान. बरीच वाक्यं वाचून अजूनही 'वा!' होतं, पण तेव्हा 'वा' का झालं होतं ते काही केल्या आठवत नाही. सुटं वाक्य फसवंही असतं. डोनाल्ड कनुथने अकाली ऑप्टिमायझेशनला झोडपलेलं सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच्या लगेच पुढे तो म्हणतो की उरलेल्या ३ टक्के मोक्याच्या कोडमध्ये मात्र संधी सोडू नका. आणि १९७४ चा तो मूळ लेख आहे 'गो टू' बद्दल! हे कोण हायलाइट करतं?

ढिगात एक नोंद मात्र चिकटून राहिली. पीटर नाउरचा १९८५ चा निबंध, 'प्रोग्रॅमिंग अ‍ॅज थिअरी बिल्डिंग'. नाउरने गिल्बर्ट राइल या तत्त्वज्ञाकडून 'थिअरी' ची कल्पना उचलली आणि म्हणाला, खरा प्रोग्रॅम म्हणजे कोड नव्हे, तो लिहिणाऱ्यांच्या डोक्यातली समज. उदाहरण कंपायलरचं आहे. एका गटाने तो लिहिला, दुसऱ्या गटाला वाढवायला दिला. सोबत पूर्ण डॉक्युमेंटेशन, शिवाय सल्लाही. तरी दुसऱ्या गटाने सुचवलेल्या बदलांनी मूळ रचनेची वाट लागली असती. पहिल्या गटाला मात्र ते बघताक्षणी कळायचं, आणि सोपा उपायही तिथल्या तिथे सुचायचा.

मला हे पटायला कारण घडलं. गेल्या वर्षी टीममधला एकजण सोडून गेला आणि त्याचं बिलिंगचं कोड आम्हा दोघांच्या गळ्यात पडलं. डॉक्युमेंट चांगलं साठ पानी. रकमा पैशांत, पूर्णांकात ठेवल्यात आणि राउंडिंग सगळ्यात शेवटी, एकदाच, हे त्यात नीट लिहिलेलं. का, ते नाही. मॅनेजरचा प्रश्न सरळ होता: हे ठेवायचं की नव्याने लिहायचं? तीन आठवडे आणि दोन माणसांचा मामला.

नाउरला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, जुनं टाका, प्रश्न नव्याने सोडवा. निव्वळ कागदपत्रांवरून मेलेली थिअरी जिवंत होत नाही असं त्याचं ठाम मत. इथे माझं त्याच्याशी जमत नाही. थिअरी मेलेली नव्हती, फक्त दुसऱ्या कंपनीत गेली होती! फोन लावला. गडी दोन मिनिटांत म्हणाला, "अरे, प्रत्येक ओळीला राउंडिंग केलं की बेरीज एक-दोन पैशांनी हलते. क्लायंटचे अकाउंटंट तेवढ्यावरून बिल परत पाठवायचे." संपलं. असे सहा-सात फोन झाले, कोड ठेवलं.

हल्ली कोडचा बराचसा भाग एआय लिहितो. तेव्हा फोन कुणाला लावायचा हा प्रश्न आहेच. असो, तो वेगळा लेख.

या प्रकरणापासून हायलाइटखाली एक ओळ स्वतःच्या भाषेत टाकायला लागलोय. वाक्याचा अर्थ नाही, त्या दिवशी डोक्यात काय चाललं होतं ते. अर्थात आळस आहेच, दहातल्या तीनेक नोंदींनाच जमतं. नाउरच्या नोंदीखाली लिहिलंय: 'पैसे शेवटी का? त्याला विचारलं म्हणून कळलं.' अजून पाच वर्षांनी यातलं मला किती कळेल, बघू.